अनुपालन प्रशिक्षणाची नोंद दरवर्षी पूर्ण होते. ते कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष उपयोगी कसे पडेल?

प्रश्न (मनुष्यबळ विभाग, महापे)

नमस्कार. महापे येथील एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी मनुष्यबळ विभागात काम करते. गेली चार वर्षे अनुपालन प्रशिक्षणाची, म्हणजे आपण सगळे ज्याला कम्प्लायन्स ट्रेनिंग म्हणतो त्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. कार्यालय आणि कारखाना एकाच आवारात असल्याने लेखा विभागातील पदवीधरांपासून ठेकेदारामार्फत येणाऱ्या माथाडी कामगारांपर्यंत सर्व प्रकारची माणसे आमच्याकडे आहेत. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, लैंगिक छळाला प्रतिबंध, माहितीची सुरक्षितता, लाचलुचपतीला प्रतिबंध, आग आणि रसायने असे विषय संगणकावरील मॉड्यूलच्या रूपाने सर्वांकडून पूर्ण करून घेतले जातात. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी असते, ती कितीही वेळा देता येते, आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र निघते. लेखापरीक्षकांना दाखवण्याचा अहवाल दरवर्षी जवळजवळ पूर्ण भरलेला असतो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या लेखा विभागातील एका सहकाऱ्याला एका पुरवठादाराच्या नावाने मेल आला, की आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात जमा करावी. त्याने रक्कम पाठवली. तासाभराने त्याला संशय आला, पण त्याने तो कोणालाही बोलून दाखवला नाही. रात्रभर काळजीत काढून दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. माहितीच्या सुरक्षिततेच्या मॉड्यूलमध्ये त्याला पैकीच्या पैकी गुण होते. 'मला मेल खोटा असू शकतो हे माहीत होते, पण आता फोन कोणाला करायचा हे ठाऊक नव्हते आणि नोकरी जाईल अशी भीती वाटली,' असे त्याने सांगितले. त्यानंतर मी कार्यालयात आणि कारखान्यात फिरून बावीस जणांना तीनच प्रश्न विचारले: संशयास्पद मेल आला तर कोणाला कळवाल, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्ष कोण आहेत, आणि द्रावकाचा वास आला तर कोणत्या दिशेने बाहेर पडाल. तिन्ही उत्तरे बरोबर देणारे चौघेच निघाले.

मॉड्यूल बदलावे, व्याख्याते बोलवावेत की संपूर्ण पद्धतच वेगळी असावी, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ (सुरक्षा अधिकारी, रासायनिक कारखाना, तुर्भे)

आपण बावीस जणांना प्रत्यक्ष भेटून विचारलेत, हेच मूल्यमापन खरे आहे. मी सतरा वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत काम करीत आहे आणि हजेरीपटावरच्या सह्या अपघाताच्या वेळी कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे.

माझ्या क्षेत्रातील सर्वांत जीवघेणे उदाहरण घ्या. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कामगार बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला दुसरा व तिसरा तसेच उतरतात. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेल्यांचेच प्राण जातात, हे पुन्हा पुन्हा घडले आहे. 'परवानगीशिवाय बंदिस्त जागेत प्रवेश करू नये' हे वाक्य त्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. जे सांगितलेले नसते ते कारण. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, म्हणून 'आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला' हा साधा तर्क माणसाचा जीव घेतो. हे कारण एकदा मनात बसले की कामगार स्वतःहून वायुमापक मागतो. त्यामुळे मी नियमाआधी कारण सांगतो, आणि ते ज्या टाकीजवळ काम करायचे आहे तिच्या झाकणाशेजारी उभे राहून सांगतो.

आमच्याकडे वर्षाचे मोठे प्रशिक्षण आहेच, पण खरा भार पाळी सुरू होतानाच्या दहा मिनिटांच्या टूलबॉक्स टॉकवर आहे. त्यात त्या दिवशी ज्या कामाचा वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, निघणार आहे तेवढ्याच कामाबद्दल बोलायचे, दुसरे काही नाही. बोलणारा मी नसतो, त्या गटाचा फोरमन असतो, कारण दिवसभर कामगार ज्याचे ऐकतात तो फोरमन आहे आणि त्यानेच हेल्मेट काढून ठेवले तर माझे सगळे बोलणे वाया जाते. शेवटी 'समजले का' असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. एका कामगाराने पुढे येऊन करून दाखवायचे. वीजपुरवठा तोडून कुलूप कसे लावायचे, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पाहून वाऱ्याला आडवे जाऊन मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला कसे जायचे, हे हातापायांनी करून दाखवले की ते लक्षात राहते. ठेकेदाराची माणसे अनेकदा उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशाची असतात. त्यांना इंग्रजी मॉड्यूलसमोर बसवून मुकादमाने त्यांच्या वतीने कळ दाबत जाणे ही फसवणूक आहे, आणि ती आपण थांबवली पाहिजे. चित्रे, सोपी हिंदी, आणि त्यांच्याच गटातील एखादा समजावून सांगणारा जुना कामगार, एवढ्यावर पुष्कळ काम भागते.

सराव पूर्वसूचना देऊन घेऊ नका. आम्ही एकदा रात्रपाळीत अडीच वाजता मॉक ड्रिल घेतले, तेव्हा असेंब्ली पॉइंटकडे, म्हणजे संकटाच्या वेळी जमण्याच्या जागेकडे, जाणारे मागचे फाटक चोरीच्या भीतीने कुलूपबंद होते आणि किल्ली मुख्य फाटकावरील पहारेकऱ्याकडे होती, हे उघड झाले. दिवसा झालेल्या आधीच्या सर्व सरावांत ते फाटक उघडेच होते.

कायद्याच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि धोक्यांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन मालकावर आले. आसन्न धोका दिसल्यास तो निदर्शनास आणून देण्याचा आणि सुरक्षेचे प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क कामगारांना मिळाला. आपण प्रशिक्षणाकडे कामगाराच्या कर्तव्याचा भाग म्हणून पाहतो. मी ते त्याच्या हक्काचे आहे असे सांगून सुरुवात करतो, आणि ऐकणाऱ्यांच्या बसण्यात फरक पडतो. साहित्य आणि प्रशिक्षक हवे असतील तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय आपल्या बेलापूरलाच आहे. तिची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणूनच राष्ट्रीय सुरक्षा दिन त्या तारखेला असतो.

उत्तर २ (वकील, अंतर्गत समित्यांवरील बाह्य सदस्य, ठाणे)

लैंगिक छळाच्या विषयापुरते लिहिते. ठाणे आणि नवी मुंबईतील काही आस्थापनांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते.

२०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि कलम १९ नुसार ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे मालकावर बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी हे कार्यक्रम व्याख्यांपासून सुरू होतात आणि व्याख्यांपाशीच संपतात. दोन तास ऐकल्यावर कर्मचाऱ्याला लैंगिक छळाचे प्रकार सांगता येतात, पण समितीतील एकाही सदस्याचा चेहरा त्याला माहीत नसतो. मी माझ्या कार्यशाळेत समितीच्या सर्व सदस्यांना समोर बसवते आणि प्रत्येकीला आपले नाव, विभाग आणि भेटण्याची वेळ स्वतःच्या तोंडून सांगायला लावते. त्यानंतर तीन गोष्टी प्रत्येकाच्या पक्क्या लक्षात राहतील असे पाहते: तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत करायची, आणि केल्यावर पुढे काय होते. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते. आणि तक्रारदाराचे नाव किंवा चौकशीतील तपशील बाहेर सांगण्यास कलम १६ ने मनाई आहे. गोपनीयतेचा हा शेवटचा मुद्दा मी सर्वांत जास्त वेळ घेऊन समजावते, कारण माझ्याकडे नंतर एकट्याने येऊन बोलणाऱ्या स्त्रियांची पहिली शंका जवळजवळ नेहमी तीच असते.

ठेकेदारामार्फत आलेल्या स्त्रिया, शिकाऊ उमेदवार, कॅन्टीन आणि साफसफाईच्या कामातील भगिनी या सर्व जणी या कायद्याच्या दृष्टीने कर्मचारीच आहेत. कंपनीने पुरवलेली बस हेही कामाचे ठिकाण आहे. वाशी किंवा घणसोली स्थानकावरून कंपनीच्या बसने येणाऱ्या स्त्रियांना हे कोणीच सांगितलेले नसते, आणि संगणकावरील मॉड्यूल त्यांच्यापर्यंत पोहोचतही नाही, कारण त्यांना कंपनीचा मेल आयडीच नसतो. त्यांच्यासाठी त्यांच्या पाळीच्या वेळेतच, पगारी वेळेतच, वेगळी बैठक घ्यावी. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठेकेदारांच्या किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. महापे ठाणे जिल्ह्यात येते आणि तळोजा रायगड जिल्ह्यात, त्यामुळे दोन्हीकडे आस्थापना असलेल्या कंपन्यांनी फलकावर योग्य जिल्ह्याची माहिती लावली आहे ना, हे एकदा तपासावे.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. अनेक व्याख्याते खोट्या तक्रारींवरील कलम १४ वर अर्धा अर्धा तास बोलतात आणि सभागृहातील स्त्रिया तिथेच मिटून जातात. केवळ आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. सांगायचे असेल तर पूर्ण कलम सांगावे.

आणि समितीच्या सदस्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण सर्वांत आधी करा. तेही त्याच कलम १९ मध्ये सांगितलेले आहे. पहिली तक्रार ऐकताना सदस्याने 'तू तिथे एकटी का गेलीस' असे विचारले तर ती गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोहोचते आणि पुढची पाच वर्षे कोणी समितीकडे येत नाही. चांगल्या प्रशिक्षणानंतर तक्रारींची संख्या वाढू शकते; व्यवस्थापनाला याची कल्पना आधीच देऊन ठेवावी, म्हणजे ते घाबरून कार्यक्रम गुंडाळणार नाहीत.

प्रश्नकर्तीची पुढील शंका

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. समितीची ओळख समोरासमोर करून देण्याचे मी लगेच मनावर घेतले आहे. मात्र आमचे व्यवस्थापन म्हणते, की वार्षिक चाचणीची नोंद लेखापरीक्षणासाठी लागतेच आणि त्याखेरीज उत्पादनाचा आणखी वेळ देता येणार नाही. चाचणी ठेवूनही तिचा उपयोग होईल असे काही करता येते का? आणि चाचणीतील गुण वार्षिक मूल्यांकनाला जोडावेत, अशीही एक सूचना आली आहे.

उत्तर ३ (माहिती सुरक्षा, ऐरोली)

वेळ वाढवू नका, तोच वेळ वाटून घ्या. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की एकदा पाठ केलेली गोष्ट आरंभी फार वेगाने विसरली जाते, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. आपली मार्चमधील चाचणी मॉड्यूल पाहिल्यावर पाच मिनिटांनी होते, त्यामुळे तिथे सगळेच हुशार दिसतात.

आमच्याकडे वर्षाच्या आरंभी आधी चाचणी घेतली जाते. ज्याला विषय येतो त्याला मॉड्यूलमधून सूट मिळते, आणि त्याचा वाचलेला तास ही व्यवस्थापनाला पटणारी गोष्ट ठरते. त्यानंतर दरमहा प्रत्येकाला त्याच्या कामातील तीन प्रश्न येतात. लेखा विभागाला बदललेल्या बँक खात्याचे, भरती विभागाला उमेदवारांच्या आधार कार्डाच्या प्रती कुठे ठेवायच्या याचे, स्वागतकक्षाला ओळखपत्र नसलेल्या पाहुण्याचे. प्रश्न व्याख्येचा नसतो. 'संध्याकाळचे सहा वाजले आहेत, साहेब विमानात आहेत, पुरवठादार घाई करीत आहे, आता काय कराल' असा असतो. या सर्वांची नोंद आपोआप होते, त्यामुळे लेखापरीक्षकांनाही अडचण येत नाही.

गुण मूल्यांकनाला जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केले की लोक एकमेकांना उत्तरे पाठवतात, आणि आपल्या सहकाऱ्याला त्या रात्री जी भीती वाटली तीच भीती आपण वाढवतो. घटना कळवण्यातील वेळ इथे फार मोलाचा असतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि गेलेली रक्कम वाटेतच अडवायची असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन जायला हवा. एक रात्र गेली की बहुधा फार उशीर झालेला असतो. म्हणून चूक स्वतःहून लगेच कळवणाऱ्यावर त्या चुकीसाठी कारवाई होणार नाही, हे वरिष्ठांच्या सहीने लिहून काढा आणि पहिल्या प्रसंगी ते पाळून दाखवा. त्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले, याकडे आपल्या संपूर्ण लेखा विभागाचे लक्ष असणार. त्याला सन्मानाने वागवले असेल तर पुढचा फोन तासाभरात येईल.

शिवाय प्रत्येक उणीव प्रशिक्षणाने भरून काढू नये. बँक खाते बदलण्याची विनंती आली तर जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय आणि दुसऱ्या व्यक्तीने मान्यता दिल्याशिवाय प्रणालीतून रक्कम पुढे जाऊच नये, अशी सोय करता येते. ती केली नाही, तर एका माणसाच्या सावधपणावर आपण सगळा डोलारा उभा करतो.

उत्तर ४ (निर्यात विभाग, वाशी)

लाचलुचपतीच्या विषयावर कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावे लागते. कंपनीच्या लाभासाठी कोणी लाच दिली तर कंपनीही जबाबदार धरली जाते, आणि ते रोखण्याची पुरेशी व्यवस्था आपण केली होती हे तिला सिद्ध करावे लागते. आमच्या कंपनीत हे प्रशिक्षण सर्वांना सारखेच मिळायचे. प्रत्यक्षात अडलेल्या कंटेनरसोबत उन्हात उभा असतो तो तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, आणि त्याला त्या क्षणी कलम आठवून उपयोग नसतो, त्याला तोंडातून निघेल असे वाक्य हवे असते. आम्ही ते बसून ठरवले: 'साहेब, शुल्क असेल तर पावती द्या, मी आत्ता भरतो; नसेल तर मला वरिष्ठांना फोन करावा लागेल.' हे वाक्य आम्ही जोड्या करून मोठ्याने म्हणवून घेतो. सुरुवातीला संकोच वाटतो, दुसऱ्या फेरीत जात राहतो.

पण याच्या जोडीला मालकांनी लेखी दिले, की या कारणाने माल अडकला आणि विलंबाचे भाडे पडले तर ते कंपनी सोसेल, त्या मुलाला जाब विचारला जाणार नाही. हे पत्र येण्यापूर्वी दोन वर्षे आमचे प्रशिक्षण चालू होते आणि त्याचा काहीही परिणाम दिसला नव्हता.

उत्तर १ यांची पुरवणी

गुणांच्या बाबतीत ऐरोलीच्या सहकाऱ्यांशी मी अंशतः असहमत आहे. कार्यालयीन विषयांत त्यांचे म्हणणे योग्य असेल. परंतु वर्क परमिटवर सही करणारा, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणारा, टाकीत उतरणारा माणूस प्रात्यक्षिकात कमी पडला तर त्याला ते काम देताच कामा नये. त्याचा पगार किंवा बढती अडवू नका, पण पुन्हा शिकून दाखवेपर्यंत सहीचा अधिकार काढून घ्या. तिथे दुसऱ्याचा जीव त्याच्या सहीवर अवलंबून असतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

हा फरक मला पटला आणि मी तसाच मांडणार आहे: सहीचा आणि यंत्राचा अधिकार प्रात्यक्षिकावर, बाकी कोणाचेही गुण मूल्यांकनात नाहीत. लेखा विभागातील सहकाऱ्यावर कारवाई झालेली नाही. त्याच्या संमतीने, नाव न सांगता, हाच प्रसंग पहिल्या महिन्याच्या प्रश्नात घेत आहोत. खाते बदलण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची मान्यता घेण्याचा बदल वित्त विभागाने मान्य केला आहे. समितीच्या सदस्यांचे प्रशिक्षण आधी होईल, त्यानंतर सकाळच्या पाळीतील कॅन्टीन आणि साफसफाईच्या भगिनींची बैठक.

तुर्भेच्या सहकाऱ्यांचे वाचून मी आज आमच्या मागच्या फाटकाची किल्ली रात्री कोणाकडे असते हे विचारले. सुरक्षा कक्ष, देखभाल विभाग आणि पाळीप्रमुख अशा तीन ठिकाणी फोन केल्यावर उत्तर मिळाले. पहिला रात्रीचा सराव त्या फाटकापासूनच घेऊ.